विश्लेषण : इशारा पोहोचतो, मग घर का सुटत नाही? मीरा-भाईंदरची आपत्तीसज्जता

मे महिना सरत आला की मीरा-भाईंदरमध्ये दोन कामांना वेग येतो. एक नालेसफाई, दुसरे धोकादायक इमारतींना नोटिसा. गाळ किती टक्के निघाला यावर वाद झडतो, नोटिसा जिन्याजवळच्या भिंतीवर चिकटवल्या जातात, आपत्कालीन कक्षाचे दूरध्वनी क्रमांक जाहीर होतात आणि पाऊस सुरू होतो. शहराची सगळी आपत्तीसज्जता जवळपास या चार आठवड्यांत उरकते. प्रत्यक्षात या शहरापुढचा सर्वात मोठा धोका पावसाळ्यापुरता नाही आणि तो अचानक येणाराही नाही. तो साधारण कधी येणार, हे जनगणनेच्या आकड्यांवरून सांगता येते.

शहर नेमके कशावर उभे आहे?

महापालिकेचे क्षेत्र सुमारे ७९ चौरस किलोमीटर. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. डोंगरावर पडलेले पाणी काशी-घोडबंदरच्या बाजूने उतरते. खाडीकडे जाताना त्याला आधी महामार्ग आणि मग रेल्वेमार्ग असे दोन उंच बांध आडवे येतात. या दोन बांधांमधला आणि रेल्वेच्या पश्चिमेचा बराचसा सखल पट्टा एके काळी खाजणांचा, भातखाचरांचा आणि मिठागरांचा होता. मिठागर म्हणजे बांध घातलेली उथळ कुंडे. त्यांत मीठ पिकायचेच, पण पावसाळ्यात हीच कुंडे पाणी धरून ठेवायची आणि ओहोटीला खाडीत सोडायची. त्यासाठी कोणत्याही प्रकल्प अहवालाची किंवा निविदेची गरज लागली नव्हती.

या पट्ट्यात भराव टाकून वसाहती उभ्या राहिल्या. पाणी मात्र जुन्याच वाटेने येते. भरती साडेचार मीटरच्या आसपास किंवा त्यापुढे गेली आणि त्याच वेळी जोराचा पाऊस आला, तर नाल्यांतले पाणी खाडीत उतरत नाही, उलट खाडीचे पाणी आत ढकलले जाते. नाला तळापर्यंत साफ असला तरी त्या दोन-तीन तासांत फारसा फरक पडत नाही. त्यामुळे नालेसफाईच्या टक्केवारीवरून शहराची तयारी जोखणे म्हणजे छत्री घडी करून ठेवल्याच्या नोंदीवरून पावसाचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

१९९१ ते २००१ या दशकाचा आजच्या धोक्याशी काय संबंध?

येथे १९८५ मध्ये नगर परिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजारांवर आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. पहिल्या दहा वर्षांतच शहर जवळपास तिप्पट झाले. गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतून आणि उपनगरांतल्या भाड्याच्या खोल्यांतून आलेल्या कुटुंबांना लोकलच्या अंतरावर स्वतःच्या मालकीची एक-दोन खोल्यांची सदनिका परवडेल अशी जी मोजकी ठिकाणे उरली होती, त्यांपैकी हे एक.

या साडेतीन लाख माणसांसाठी त्या दशकात ज्या इमारती बांधल्या गेल्या, त्या बहुतांशी तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या आणि उद्वाहन नसलेल्या होत्या. पाणीटंचाईच्या काळात, घाईने आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत त्या उभ्या राहिल्या. खारी हवा आणि गळती काँक्रीटच्या आतल्या सळईपर्यंत पोहोचली की सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. घरात बसलेल्याला हे छताचा पोपडा पडल्यासारखे दिसते. त्यावर प्लास्टर आणि रंगाचा हात मारला जातो आणि आतला गंज वाढत राहतो. या इमारतींची तिशी २०२१ पासून सुरू झाली आहे. २०३१ पर्यंत दरवर्षी आणखी काही त्या रेषेच्या पलीकडे जाणार आहेत. भूकंपाची तारीख कोणी सांगू शकत नाही, या लाटेची सांगता येते.

तीस वर्षांनंतर कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे आणि स्थैर्याचे प्रमाणपत्र आयुक्तांना सादर करणे मालक व भोगवटादारांवर बंधनकारक आहे. तीस वर्षे भोगवटा दाखल्यापासून किंवा निम्म्याहून अधिक बांधकामाचा प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यापासून, यांतील जे आधी असेल त्यापासून मोजतात. ज्या इमारतींना भोगवटा दाखलाच मिळालेला नाही, त्यांनाही म्हणून या तरतुदीतून सुटका नाही. तपासणी टाळल्यास २५ हजार रुपये किंवा वर्षाच्या मालमत्ता कराइतकी रक्कम, यांतील जी जास्त असेल तितका दंड आहे.

तपासणीनंतर इमारत चारपैकी एका वर्गात जाते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ ब म्हणजे रहिवासी आत असतानाच दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ही व्यवस्था कागदावर नेटकी आहे. तिचा सगळा भार मात्र सोसायटीच्या तिजोरीवर पडतो, आणि ती तिजोरी कशी भरते हे पाहण्यासारखे आहे. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती-देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का दरवर्षी जमा करायचा असतो. हा बांधकाम खर्च मूळचा, म्हणजे नव्वदच्या दशकातला. समजा, तेव्हा एका सदनिकेचा बांधकाम खर्च दीड लाख रुपये होता. मग सिंकिंग फंडासाठी तिच्याकडून वर्षाला पावणेचारशे रुपयेच येतात. तीस वर्षे न चुकता भरले तरी व्याज सोडून सव्वाअकरा हजार. आजच्या दराने त्यात एका खांबाचीही नीट दुरुस्ती होणे कठीण.

नोटीस मिळूनही रहिवासी बाहेर का पडत नाहीत?

दरवर्षी विचारला जाणारा आणि दरवर्षी चुकीचे उत्तर मिळणारा प्रश्न हाच आहे. ‘लोक ऐकत नाहीत’, ‘जिवाची पर्वा नाही’ असे सांगून यंत्रणा मोकळी होते. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीतील जिलानी इमारत कोसळून सुमारे चाळीस जणांचा जीव गेला. त्या इमारतीला आधी नोटीस दिली होती, हे नंतर सांगितले गेले. नोटीस होती, ती वाचलीही गेली असेल, तरी माणसे रात्री तिथेच झोपली होती.

यामागे बेफिकिरीपेक्षा हिशेब अधिक आहे. ओडिशाशी तुलना केली की तो स्पष्ट होतो. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर राज्याने किनाऱ्यावर बहुउद्देशीय निवारे बांधले, गावागावांत स्वयंसेवक तयार केले, निवाऱ्यापर्यंतचे रस्ते पक्के केले. मे २०१९ मध्ये फनी वादळापूर्वी सुमारे १२ लाख लोकांना हलवण्यात आले आणि मृत्यू ६४ वर थांबले. त्या लोकांना एक गोष्ट ठाऊक होती. दोन दिवसांनी परतल्यावर घराचे छप्पर उडालेले असेल, पण घराखालची जमीन आपलीच असेल.

मीरा रोडच्या सी-१ इमारतीत राहणाऱ्याला ही खात्री नसते. अनेक सोसायट्यांच्या नावावर जमीनच झालेली नाही, ती अजून विकासकाच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे. सोसायटीची नोंदणी झाल्यावर चार महिन्यांत अभिहस्तांतरण करून देणे कायद्याने बंधनकारक असूनही ते टाळले गेले. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने जिल्हा उपनिबंधकांमार्फत मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला. त्यासाठी लागणारी मंजूर नकाशे, करारनामे, भोगवटा दाखला यांची जुळवाजुळव करता करता सोसायटीची कार्यकारिणी बदलते आणि फाईल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जमीन नावावर नाही म्हणून पुनर्विकासाला विकासक येत नाही. एखादा आलाच तर मूळ आराखड्यात मंजुरीपेक्षा जास्त बांधकाम झाल्याचे निघते. अशा स्थितीत घर रिकामे करणे म्हणजे घरावरचा ताबा, जो बहुधा हातातला एकमेव पुरावा असतो, तोही सोडणे. वर नव्या भाड्याची अनामत, मुलांची शाळा, गृहकर्जाचा चालू हप्ता. इमारत पडण्याची शक्यता किती, हे त्या कुटुंबाला ठाऊक नसते. बाहेर पडल्यावर काय होईल, हे मात्र शेजारच्या गल्लीतल्या उदाहरणावरून चांगले ठाऊक असते.

म्हणून नोटिशीबरोबर तीन गोष्टी दाराशी यायला हव्यात. प्रत्येक सदनिकेच्या क्षेत्रफळाची आणि ताब्याची महापालिकेने साक्षांकित केलेली नोंद, तात्पुरत्या निवाऱ्याचा ठरलेला पत्ता आणि अभिहस्तांतरणाची फाईल कोणत्या टप्प्यावर अडली आहे याचे लेखी उत्तर. यांतली पहिली गोष्ट सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक आहे. पाडकामाआधी मोजणी करण्याची पद्धत आहेच. ती पोलीस बंदोबस्तात, अखेरच्या दिवशी, भांडणात न होता नोटिशीच्या पहिल्या आठवड्यात झाली, तर बाहेर पडणाऱ्याच्या हातात निदान एक कागद राहील.

तिशी न ओलांडलेल्या इमारती सुरक्षित समजायच्या का?

नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ जण गेले, तेव्हा तिचे बांधकामही पूर्ण झाले नव्हते. महाडची तारिक गार्डन ऑगस्ट २०२० मध्ये कोसळली, १६ मृत्यू झाले, ती इमारतही जुनी नव्हती. खाडीपलीकडे विरारमधील रमाबाई अपार्टमेंटचा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये पडला आणि १७ जणांचा बळी गेला, ते बांधकाम अनधिकृत होते. वयाची अट नियमानुसार बांधलेल्या इमारतींना लागू पडते. ज्या इमारतीचा आराखडाच कोणी तपासला नाही, तिचे वय विचारून उपयोग काय?

पावसाचा इशारा या शहरासाठी पुरेसा आहे का?

भारतीय हवामान विभाग २४ तासांतल्या ६४.५ मिमीपासूनच्या पावसाला मुसळधार, ११५.६ मिमीपासूनच्या पावसाला अतिमुसळधार आणि २०४.४ मिमीच्या वरच्या पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतो. त्यानुसार पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा दिला जातो. इशारे पूर्वीपेक्षा वेळेवर आणि नेमके येतात, हे मान्य करायला हवे. अडचण अशी की ते जिल्ह्यासाठी असतात. ठाणे जिल्ह्याला लाल इशारा म्हणजे मुरबाड-शहापूरच्या घाटमाथ्यालगतच्या गावांनाही तोच आणि उत्तनच्या कोळीवाड्यालाही तोच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्यात ७३ मिमीच्या आसपास. एकाच महापालिकेच्या हद्दीत एवढा फरक पडू शकतो. त्यानंतर मुंबई महापालिकेने स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले आणि विभागवार आकडे लोकांना दिसू लागले. मीरा-भाईंदरच्या रहिवाशाला काशिमीऱ्याला तासाभरात किती पाऊस झाला आणि भरती किती वाजता आहे, हे दोन आकडे एकत्र दिसले तर तळमजल्यावरचे सामान कधी उचलायचे, दुचाकी कुठे लावायची, मुलांना शाळेतून कधी आणायचे, हे तो स्वतः ठरवू शकतो. लाल रंग पाहून यातले काहीच ठरत नाही.

पाणी धरून ठेवणाऱ्या जागा राखणे हा यातलाच भाग आहे. कांदळवनांची तोड रोखणारे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये दिले. वर्सोवा-भाईंदर सागरी किनारा रस्ता कांदळवनांतून जाणार आहे आणि मेट्रो ९ च्या कारशेडसाठी डोंगरीच्या टेकडीवरची हजारो झाडे जाण्यावरून स्थानिकांनी आंदोलने केली आहेत. रस्ता आणि मेट्रो दोन्ही शहराला हवेच आहेत. पण तिवरांची भरपाई लांबच्या दुसऱ्या जिल्ह्यात रोपे लावून होते आणि पाणी मात्र मुर्धा, राई, मोर्वा या गावांतच येते. पर्यावरण अहवालात हा हिशेब हेक्टरमध्ये जुळतो, गुडघाभर पाण्यात जुळत नाही.

उत्तनच्या किनाऱ्यावर वेगळे काय घडते?

उत्तन, पाली, चौक, डोंगरी हा या शहराचा मच्छीमार पट्टा. अरबी समुद्रातली अलीकडची वादळे पाहिली तर फयान नोव्हेंबर २००९, ओखी डिसेंबर २०१७, क्यार ऑक्टोबर २०१९, निसर्ग जून २०२० आणि तौक्ते मे २०२१. म्हणजे बहुतेक वेळा पावसाळी मासेमारीबंदीच्या अलीकडे किंवा पलीकडे, बोटी समुद्रात आणि बोंबील वलांडीवर वाळत असताना. १७ मे २०२१ रोजी तौक्तेच्या वेळी मुंबई हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते आणि ७० हून अधिक गेले. वादळाचा इशारा अनेक दिवस आधी दिलेला होता, तराफा मात्र समुद्रातच राहिला.

कोळीवाड्यात हा निर्णय घेणारी एक ओळखीची यंत्रणा आहे. मच्छीमार सहकारी संस्थेच्या कार्यालयात इशारा येतो, बिनतारी संचावरून तांडेलाला सांगितले जाते आणि किनाऱ्यावर कोणाची बोट आली, कोणाची राहिली हे तोंडी मोजले जाते. सांगणारा माणूस ओळखीचा असतो, म्हणून ऐकले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला जाहीर झालेल्या केंद्राच्या योजनेतून देशभरात एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. त्यामुळे मोबाइलच्या टप्प्याबाहेरच्या बोटीलाही संदेश जाईल. उणीव उरते ती भरपाईची. बोट परत आणली तर डिझेल, बर्फ आणि फेरी वाया जाते. वलांडीवरची भिजलेली मासळी नुकसानीत धरायची की नाही, हा वाद प्रत्येक वादळानंतर नव्याने होतो. परत येण्याची किंमत मच्छीमाराच्या माथी राहिली, तर कधीतरी एखादा तांडेल आणखी एक दिवस थांबू असे म्हणेल.

नव्या कायद्याने काय बदलते?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यात राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशी उतरंड होती. कलम ४१ ने स्थानिक संस्थेवर कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, साधनांची तयारी आणि बांधकामे मानकांनुसार होत आहेत ना हे पाहण्याची जबाबदारी टाकली होती, पण नियोजनाचे केंद्र जिल्हाधिकारीच राहिले. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापण्याची तरतूद केली. जिल्हाधिकारी त्यात उपाध्यक्ष असतील.

मीरा-भाईंदरला याचा विशेष उपयोग आहे, कारण हे शहर अनेक यंत्रणांच्या सीमेवर बसले आहे. महसुली जिल्हा ठाणे, पोलीस आयुक्तालय २०२० पासून वसई-विरारसह, रेल्वे पश्चिम मार्गाची, महामार्ग केंद्राचा, कांदळवने वन विभागाची, बंदरे मत्स्यव्यवसाय विभागाची आणि वीज खासगी कंपनीची. पूर आला की या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारा अधिकारी शहराच्या आतला असणे ही मोठी सुधारणा ठरेल. अर्थात, प्राधिकरण म्हणजे वर्षातून दोन बैठका आणि एक जाड आराखडा, असाही अनुभव राज्याला नवा नाही. शिवाय ऑगस्ट २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ येथे प्रशासक होता. रात्री दोन वाजता ज्याच्या दारावर थाप मारता येते तो नगरसेवक त्या काळात अधिकृतपणे नव्हता. आपत्तीच्या आराखड्यात या थापेला रकाना नसतो.

मग सुरुवात कुठून करता येईल?

उत्तनमध्ये मच्छीमार संस्था जे काम करते, ते मीरा रोड आणि भाईंदरच्या वस्त्यांत करू शकेल अशी एकच संस्था घराघरांत पोहोचलेली आहे आणि ती म्हणजे गृहनिर्माण सोसायटी. तिच्याकडे सभासदांची यादी असते, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत हे पहारेकऱ्यालाही ठाऊक असते, गॅस आणि विजेचे मुख्य बटण कुठे आहे हे सचिवाला माहीत असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. प्रत्येक मोठ्या वसाहतीतले दोघे-तिघे जरी त्यातून गेले, तरी इशारा ऐकून पहिल्या अर्ध्या तासात काय करायचे हे ठरवणारे कोणी तरी जागेवर असेल. चाळी आणि झोपडपट्ट्यांत सोसायटी नसते, तिथे हे काम बचत गट, मंडळे आणि आशा सेविकांना बरोबर घेऊनच करावे लागेल आणि त्याचे मानधनही द्यावे लागेल.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्यानुसार ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. त्या सभेत पार्किंग आणि पाण्याच्या टँकरवर दोन तास जातात. तीस वर्षांकडे जाणाऱ्या इमारतीच्या विषयपत्रिकेवर संरचना तपासणी, अभिहस्तांतरणाची स्थिती आणि दुरुस्ती निधी आजच्या दराने किती हवा, हे तीन विषय यावेत यासाठी महापालिका आणि उपनिबंधक कार्यालयाने ऑगस्टमध्येच पत्र काढले, तर पुढच्या मे महिन्यात चिकटवायच्या नोटिसा काहीशा कमी होतील. तपासणी सप्टेंबरात ठरली तर ऑक्टोबरपासून कोरड्या हवेत दुरुस्तीला आठ महिने मिळतात. मेमध्ये ठरली तर मिळतात जेमतेम दोन-तीन आठवडे.